पर्वतीमागचा चंद्र

गृहस्थाश्रमांत कांहीं तक्रारी अशा असतात कीं, त्या वर्षांतून एकदांच, ठरलेल्या तिथीस निघतात आणि दुसऱ्या दिवशीं कोणाच्या लक्षांतहि राहत नाहींत. आमच्या घरीं अशी एक तक्रार कोजागरीस निघत असे. दूध आटून पातेलें गच्चीवर आलें, केशर-वेलदोड्यांचा वास सुटला, मुलेंमाणसें भोंवतीं जमलीं, म्हणजे आमची सौभाग्यवती एकदां दक्षिणेस पर्वतीच्या देवळाकडे पाही, एकदां पूर्वेस चढत्या चंद्राकडे पाही, आणि म्हणे, "तुमच्या घरांतून पर्वती दिसते, चंद्रहि दिसतो, पण दोघांची गांठ कांहीं पडत नाहीं." यावर आम्ही हंसत असूं. "चंद्र एकच, तो हिंगण्यास उगवला काय आणि सदाशिव पेठेंत उगवला काय!" हें आमचें ठराविक उत्तर. अशीं चाळीस वर्षें गेलीं.

हिंगण्याचा उल्लेख कां, हें सांगितलें पाहिजे. सौ.चें शाळेंतलें शिक्षण हिंगणें बुद्रुक येथें झालें. अण्णासाहेब कर्व्यांनीं १८९६ सालीं स्थापिलेल्या संस्थेचा आश्रम १९०० सालीं तेथें नेला, आणि त्या गांवास आज कर्वेनगर म्हणतात, हें वाचकांस ठाऊकच आहे. १९७० नंतरचीं कांहीं वर्षें सौ. तेथील वसतिगृहांत होती. संध्याकाळीं मुलींची पाळी भांडीं घासण्याची. ज्या दगडावर ती बसे तेथून थेट समोर, मुठेच्या पलीकडे, पर्वतीची टेंकडी; आणि आश्विनांत त्या टेंकडीमागून, अगदीं देवळाला चिकटून, परातीएवढा चंद्र वर येई. हातांत खरीखुरी परात असल्यामुळें मापाविषयीं तिच्या मनांत कधींहि शंका नव्हती.

२०२४ च्या ज्येष्ठांत ती न्हाणीघरांत पाय घसरून पडली व मांडीचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया झाली, हाड सांधलें. परंतु तीन जिने चढून गच्चीवर जाणें बंद झालें. त्या वर्षीं १६ ऑक्टोबरास, बुधवारीं, कोजागरी आली. आम्ही सर्व वर आणि ती खालीं आपल्या खोलींत, असा योग संसारांत पहिलाच. दुधाचा पेला घेऊन आम्ही खालीं गेलों, तेव्हां वार्षिक तक्रारीची आम्ही वाट पाहत होतों असें म्हटलें तरी चालेल. ती निघाली नाहीं. पेला बाजूस ठेवून ती एवढेंच म्हणाली, "यंदां पर्वतीहि नाहीं आणि चंद्रहि नाहीं. आतां तुमचीं माझीं भांडणें मिटलीं."

चाळीस वर्षें जें वाक्य आम्हीं थट्टेवारी नेलें, तें न निघाल्यामुळें आम्हांस रात्रभर झोंप आली नाहीं.

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा छायाचित्रणाच्या नादी आहे. त्या नादाविषयीं आमचें मत आजवर फारसें अनुकूल नव्हतें. परीक्षा तोंडावर आली असतां तिपाई खांद्यावर टाकून टेंकड्या तुडवणारा तरुण पाहिला, कीं आमच्यांतला मास्तर जागा होतो. त्याच रात्रीं त्यानें काकूच्या समाधानासाठीं मोबाइलवर चंद्राचा फोटो काढून खालीं आणला होता. काळ्या पाटीवर साबुदाण्याचा एक दाणा पडावा तसें तें दिसत होतें. सौ.नें चष्मा लावून पाहिलें व विचारलें, "हा चंद्र, कीं कांच पुसायची राहिली आहे?"

मुलाचा यांत दोष नव्हता, हें त्यानें आम्हांस पटवून दिलें. चंद्रबिंब आकाशांत अवघा अर्धा अंश जागा व्यापतें. हात लांब करून करंगळी धरिली, तर तिच्याआड तें सहज झांकतें. मोबाइलच्या साध्या भिंगास सुमारें सत्तर अंशांचें दृश्य दिसतें. त्यांत अर्ध्या अंशाची काय पत्रास! चित्राच्या रुंदीचा एकशेंचाळिसावा भाग, एवढाच चंद्राचा वांटा. क्षितिजावरचा चंद्र मोठा भासतो तो आपल्या मनास. भिंगास मन नसतें. वास्तविक उगवतीचें बिंब माथ्यावरच्या बिंबापेक्षां केसभर लहानच असावयास पाहिजे, कारण चंद्र माथ्यावर असतो तेव्हां जवळजवळ पृथ्वीच्या त्रिज्येएवढे आपण त्यास जवळ असतों.

"मग काकूची परात खोटी?" आम्हीं विचारलें.

"खोटी नाहीं, काका. देवळापासून दूर जायला हवं. माणूस मागं सरेल तसं देऊळ लहान होत जातं. चंद्र मात्र तेवढाच राहतो. इथून पर्वती फार जवळ आहे. हिंगण्याहून ती तीन किलोमीटर आहे. तिथून बघितलं, तर चंद्राच्या रुंदीत टेंकडीचे पंचवीस-सव्वीस मीटर मावतात. म्हणजे देवळामागं चंद्र परातीसारखाच दिसणार!"

अमरकोशांत चंद्राचीं वीस नांवें आहेत. हिमांशूपासून क्षपाकरापर्यंत तीं आम्हीं तीस वर्षें मुलांकडून घोकून घेतलीं. परंतु चंद्र कोणत्या दिवशीं कोठून उगवतो, हें एकाहि विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें नाहीं, आणि विचारलें असतें तर "पूर्वेस" असें सांगून आम्ही मोकळे झालों असतों. पर्वती आमच्या घराच्या दक्षिणेस आहे. पुण्यास चंद्र फार तर पूर्वेपासून तीस अंश दक्षिणेकडे सरकून उगवूं शकतो, त्यापलीकडे नाहीं. तेव्हां आमच्या गच्चीवरून पर्वतीमागें चंद्रोदय दिसणें हें आमच्याच काय, कोणाच्याहि जन्मीं शक्य नाहीं. सौ.ची तक्रार ही तक्रार नव्हतीच. तें शुद्ध ज्योतिष होतें. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाचें तोंड उत्तरेस असल्यामुळें त्याच्यासमोर उभें राहिलें असतां मागें दक्षिणेचें आकाश येतें. म्हणून त्या दरवाजाच्या कमानीमागून उगवता चंद्रहि कोणास मिळावयाचा नाहीं, असें आमचा पुतण्या सांगत होता. त्याचे कांहीं सोबती तेथें तिपाया लावून फसले होते म्हणे. वास्तू हलत नाहीं, चंद्र आपला मार्ग सोडीत नाहीं. हलावयाचें काय तें माणसानें.

दुसरा प्रश्न दिवसाचा. येथें आमच्या पंचांगाची किंमत वाढली. बुधवारीं कोजागरी खरी. पण पौर्णिमा लागली ती रात्रीं साडेआठनंतर. म्हणजे संध्याकाळीं जो उगवला तो चतुर्दशीचा चंद्र. तो सूर्यास्तापूर्वीं अर्धापाऊण तास आधींच वर आला होता आणि उजेडांत ताकासारखा फिका दिसत होता. गुरुवारीं पौर्णिमा संपत होती दुपारीं पांचाच्या सुमारास. तिथीनें ती संध्याकाळ प्रतिपदेची. तथापि सूर्य मावळावयास व चंद्र उगवावयास एकच गांठ त्याच संध्याकाळीं पडत होती. फोटोस नेमकें हेंच लागतें. चंद्र म्हणजे उन्हांत पडलेला दगड. अंधार झाल्यावर त्याचा फोटो घ्यावा तर देऊळ काजळींत बुडतें, आणि देवळास पुरेसा उजेड घ्यावा तर चंद्राचा चुन्याचा गोळा होतो. संधिप्रकाशाचीं पंधरा-वीस मिनिटें दोघांचा मेळ बसतो. त्यांतून ती पौर्णिमा त्या वर्षांतली पृथ्वीला सर्वांत जवळची. चंद्र सुमारें ३,५७,००० किलोमीटरांवर आलेला. आम्हीं त्याच क्षणीं ठरविलें कीं, परात आणावयाची ती उद्यांच.

कर्वेनगरांत आमच्या भाचीचें सासर आहे. चार मजल्यांची, तीन जिन्यांची लांबलचक इमारत. गच्ची सलग, मध्यें गुडघाभर उंचीच्या दोन भिंती. गुरुवारीं सकाळीं आम्हीं सौ.च्या खोलींतील फरशीवर खडूनें नकाशा काढला. पुतण्यानें मोबाइलवर चंद्रोदयाची दिशा काढून दिली. पूर्वेच्या सुमारें अकरा-बारा अंश उत्तरेस. ती रेघ देवळांतून मागें ओढली, तेव्हां ती भाचीच्या इमारतीच्या दक्षिण टोंकावरून गेली. आम्हांस अतिशय आनंद झाला. एखाद्या अडलेल्या श्लोकाचा अन्वय एकदम लागावा तसें झालें.

सौ. पलंगावरून पाहत होती. ती म्हणाली, "अहो, तो सरळ वर येत नाहीं. उजवीकडे कलत कलत येतो. डावीकडून धरा."

"अगं, ही दिशा यंत्रानें काढलेली आहे," आम्ही म्हणालों.

"यंत्र असेल. मीं भांडीं घासलीं आहेत तिथें. टेंकडीच्या आड असतांना तो देवळाच्या डावीकडे असतो, उजेडावरून कळतं. वर येतो तो देवळावर."

आम्हीं तिला विषुववृत्त, क्रांतिवृत्त आणि चंद्रकक्षेचा पांच अंशांचा कल यांविषयीं थोडें सांगितलें. राहु व केतु हे चंद्राच्या व सूर्याच्या मार्गांचे छेदनबिंदु असून ते साडेअठरा वर्षांत एक फेरा करतात, म्हणून दरवर्षीं त्याच महिन्यांतला पूर्ण चंद्र त्याच जागीं उगवत नाहीं, हेंहि सांगितलें. तें सर्व बरोबर होतें. तिनें ऐकून घेतलें व कूस बदलली.

साडेपांचास आम्ही गच्चीवर हजर झालों. पुतण्यानें मित्राकडून ४०० मिलिमीटर नाभ्यंतराचें भिंग उसनें आणलें होतें. त्याची नळी शेरभर दुधाच्या बरणीएवढी जाड. त्यांतून अवघा पांच अंशांचा तुकडा दिसे. पण त्या तुकड्यांत पर्वतीचें शिखर, तट, झाडें अशीं स्पष्ट आलीं कीं हात लावावा. नानासाहेब पेशव्यांनीं १७४९ सालीं बांधविलेलें हें देऊळ, आणि पानिपतानंतर १७६१ सालीं त्यांनीं देह ठेवला तोहि याच टेंकडीवर. आम्ही मुलांस इतिहासाचा हा धडा शिकवितांना पर्वतीच्या एकशेंतीन पायऱ्या कैक वेळां चढलों. परंतु पर्वती पश्चिमेकडून कशी दिसते, हें साठी उलटल्यावर प्रथमच पाहिलें. हिंगण्याची जी मोकळी जमीन सौ. सांगते, तिचा मागमूस नाहीं. नदीच्या दोन्ही तीरांस इमारतींच्या भिंती. त्यांच्या माथ्यांवर तेवढी ती टेंकडी आपलें डोकें वर काढून बसली होती.

भाचीच्या सासूबाईंनीं चहा पाठविला. तो निवाला तरी कोणी पेल्यास हात लावला नाहीं. सूर्य मावळला. पूर्वेस धुराचा जांभळट पट्टा होता. टेंकडीमागें केव्हां उजळलें तें नक्की सांगतां येत नाहीं. पण उजेड दिसला तो देवळाच्या बरोबर मागें नव्हे. किंचित् उजवीकडे, झाडांच्या मागें. मग तांबूस कड दिसली. ती देवळापासून पुरतें एक बिंब दूर होती.

"काका, चुकलं!" पुतण्या ओरडला. "टेंकडीची उंची धरली नाहीं!"

आमच्याहि डोक्यांत तेव्हांच प्रकाश पडला. यंत्रानें दिशा दिली होती ती सपाट क्षितिजाची. टेंकडीचा माथा क्षितिजाच्या सव्वा-दीड अंश वर. तेवढें चढेपर्यंत चंद्र सरळ थोडाच राहतो! पुण्याचे अक्षांश साडेअठरा. तितक्याच अंशांनीं त्याचा मार्ग उभ्या रेघेपासून दक्षिणेकडे, म्हणजे पाहणाराच्या उजव्या हातास, कललेला असतो. दीड अंश चढेपर्यंत तो अर्धा अंश, म्हणजे आपल्या स्वतःच्या रुंदीएवढा, उजवीकडे सरकतो. "उजवीकडे कलत कलत येतो. डावीकडून धरा." या सहा-सात शब्दांत हें सगळें गणित होतें आणि तें आम्हांस सकाळीं नऊ वाजतां फुकट मिळालें होतें.

तीन किलोमीटरांवर अर्धा अंश भरून काढावयाचा, तर पाहणारानें सव्वीस मीटर डावीकडे गेलें पाहिजे. पुतण्यानें तिपाई उचलली आणि तो धांवत सुटला. भिंगाची पेटी घेऊन मागोमाग आम्ही. पहिली भिंत त्यानें उडी मारून ओलांडली. आम्हीं ती बसून, पाय पलीकडे टाकून, विधिपूर्वक ओलांडली. पुढें कोणाच्या तरी उशांचे अभ्रे वाळत होते, त्यांत आम्ही सांपडलों. दुसरी भिंत कशी ओलांडली हें स्मरत नाहीं. गुडघा मात्र पुढें आठ दिवस स्मरत होता. चंद्र दोन मिनिटांत आपल्या एका व्यासाएवढें अंतर कापतो. वर्गांत हें वाक्य आम्ही शांतपणें उच्चारीत असूं. ती गति म्हणजे काय वेग आहे, हें त्या गच्चीवर कळलें.

उत्तरेच्या टोंकाशीं पुतण्यानें तिपाई टेकली, भिंग वळविलें आणि तो एकदम बोलावयाचा थांबला. आम्हांसहि त्यानें डोळा लावूं दिला. देवळाचें शिखर चंद्राच्या आंत होतें. बिंब खालच्या अंगास थोडें चपटें, विटेच्या रंगाचें. त्याच्या पोटांत काळें शिखर, आणि शिखराच्या उजवीकडे फार थोडी रिकामी जागा. ती जागा आमच्या डोळ्यांदेखत वाढत होती. पांच-सहा फोटो निघाले. त्यानंतर चंद्र शिखरावेगळा झाला, पिंवळा पडला आणि नेहमींचा चंद्र होऊन वर चढूं लागला. खालीं रस्त्यावर वाहनांचे दिवे लागले होते.

रात्रीं घरीं आल्यावर फोटो मोठ्या पडद्यावर लावला. सौ.नें बराच वेळ पाहिला. आम्ही दाराशीं उभे होतों. चुकीची हकीकत पुतण्यानें वाटेंतच फोनवर सांगून टाकली असल्यामुळें आमच्यापाशीं सांगण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें. ती म्हणाली, "हाच तो. पण हा हालत नाहीं." थोड्या वेळानें पुन्हां म्हणाली, "माघांतहि तो येत असे तिकडेच. थोडा आणखी डावीकडे. तोंवर माझा पाय चालेल का हो?"

वैद्यकीय प्रश्नाचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. आम्हीं पंचांग घेतलें. माघी पौर्णिमा १२ फेब्रुवारी २०२५, बुधवार. पुतण्यानें गणित केलें, या खेपेस टेंकडीची उंची धरून. चंद्र आश्विनापेक्षां सुमारें सहा अंश डावीकडे उगवणार होता. म्हणजे उभें राहावयाचें तें भाचीच्या गच्चीपासून तीनशें मीटर दक्षिणेस. तें सर्व त्यानें काकूस दाखविलें आणि विचारलें, "बरोबर आहे ना?" आमच्याकडे त्यानें पाहिलें नाहीं, आणि तें योग्यच होतें.

पुढील चार महिने त्या तीनशें मीटरांच्या शोधांत गेले. जिना नको, गाडी जवळ नेतां यावी, आणि समोर इमारत नसावी. कर्वेनगरांत अशी जागा मिळविणें हें चंद्र मिळविण्यापेक्षां कठीण. अखेर नदीच्या बाजूस एका उंचवट्यावर, दोन इमारतींमधली फट सांपडली. त्यांतून पर्वतीचें देऊळ दिसे, बाकी टेंकडी नाहीं. सौ. तोंवर चौकटीच्या आधारानें घरांत चालूं लागली होती.

१२ फेब्रुवारीस आम्हीं तिला गाडींतून तेथें नेलें. घडीची खुर्ची मांडली, पायांवर शाल घातली. पुतण्याची परीक्षा असल्यामुळें तो आला नव्हता. आमच्याजवळ कॅमेरा नव्हता. सूर्य मागें मावळला. इमारतींच्या फटींत देवळाच्या डावीकडे धूर किंचित् उजळला. तिनें बोट केलें. आम्ही साडेअठरा अंशांविषयीं कांहीं बोलावयास लागलों, तों तिनें मान न वळवितां हात वर करून आम्हांस गप्प बसविलें.